हळदीसारखा उकडलेला सोनटक्का

११ फेब्रुवारी २०२५
संपलं! शाळेतून घरी आले तर मामा — माझे सासरे — चुलीपुढं पातेलं ढवळत बसलेले. "पोरी, तुझी हळद काढली बघ. पाला वाळला व्हता." हळद? तो आईचा सोनटक्का होता! पानं तशीच, कंदही तसेच, त्यात मामांना मोतीबिंदू. जन्मभर हळद केलेला माणूस. पाला वाळला की कुदळ हातात घेणारच. एक कंद मोडला नि म्हणाले, "आत पांढरं कसं गं?"
मी ओरडले. मामांवर पहिल्यांदाच ओरडले.

१२ फेब्रुवारी
आई गेल्या वर्षी गेली. त्याआधी भूमच्या माहेरच्या परसातले हे कंद तिनं मला दिले. "सावलीत लाव. फुलायची घाई करू नको." ती गेल्यावर महांतेशनं, माझ्या भावानं, त्या परसात फरशी घातली. तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. इथं सास्तूरला घरामागं कडुलिंबाची दाट सावली, तिथंच लावला होता. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. आता आईचं काहीच उरलं नाही.

३ मार्च
मामा विचारतात, "जेवलीस का?" मी नुसतं "हं".

१ जून
लाज वाटतेय स्वतःची. मामांनी आज कडुलिंबाखाली कोपऱ्यातला पाला बाजूला केला. खाली मातीत झाकलेले पाच कंद, कोंब फुटलेले!
"अगं, बेणं राखल्याबिगर हळद कोण उकडतं?" पुढच्या लावणीचे कंद आधी बाजूला काढायचे, ही त्यांची जुनी सवय.
"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"
"तू बोलू दिलंस व्हय? आन् कोंब येतोय का न्हाय, मला तरी कुठं ठाव!"
पाया पडले. रडले पण, हसले पण.

२० जुलै
गुडघ्याच्या वर आलाय. मामा अंघोळीचं पाणी सोडतात, मला हातही लावू देत नाहीत.

१४ सप्टेंबर
फुलला! माझ्याहून उंच — चार पांढरी फुलं, घरभर वास. मामांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. जवळ जाऊन बघत म्हणाले, "लई देखणी हळद हाय!" आणि एक फूल लिंगपूजेला नेलं. या माणसाचे किती उपकार मानू!
फोटो महांतेशला पाठवून दिला. का, कुणास ठाऊक.

२० सप्टेंबर
वर्षानं महांतेशचा फोन. "ताई, परसातली एक फरशी उचललीय. एक कंद देशील?"
फोन स्पीकरवर होता. माझ्याआधी मामाच आतून ओरडले, "दोन दे गं! एक बेण्याला!"