दोनशे पावलांची रेघ

९ जानेवारी
उत्तर कंबोडियातल्या प्रेह विहीयरच्या जंगलात पोचलो. नोकरीचा पहिलाच आठवडा, मन प्रसन्न. राळ काढणाऱ्यांच्या पायवाटा मोजायच्या, त्यांवरून जुनी देवळं शोधायची, नकाशा शाईने काढायचा. सोबत वाटाड्या यिमआजोबा. जेवायला सुका मासा आणि भात. माझ्या बायकोचे, सोखाचे दिवस भरत आलेत, वीस तारखेला घरी पोचायचंच, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बोरिन, हरवलास तर भाताचा गोळा घेऊन जंगलाच्या कडेला उभा राहीन. तुझ्या एकोणीसही जीवांना एकेक करून हाक मारीन. एखादा मागे राहिलाच, तर बायकोने अठरांवर भागवावं." आमच्याकडे माणसात एकोणीस जीव मानतात; हरवलेल्याला असंच बोलावतात.

१२ जानेवारी
देऊळ सापडलं. कुठल्याच यादीत नाही. पायवाट त्याला तीन बाजूंनी वळसा घालते. पूर्वेला दोनशे पावलं मोकळी. आम्ही तिथूनच आत आलो. राळवाले हा फेरा कधी पुरा करत नाहीत, असं आजोबा म्हणाले. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

१३ जानेवारी
आजोबा तांदूळ आणायला गावी गेले. क्षेत्रफळ काढायला रेघ बंद लागते. पूर्वेची दोनशे पावलं न चालताच शाईने जोडून टाकली. नकाशा देखणा झाला.

१४ जानेवारी
आजोबांना सामोरा निघालो. पूर्वेला मोकळी जागा नाही. तिथे पायवाट आहे. जुनी, पायांनी गुळगुळीत झालेली. ओलांडून सरळ गेलो. समोर देऊळ.

१५ जानेवारी
सात वेळा ओलांडली, बाकीच्या तीन बाजूंनीही. होकायंत्र दिशा बरोबर दाखवतं. सातही वेळा तोच उंबरठा.

१७ जानेवारी
रेघ ब्लेडने खरवडली. कागद झिजला, वाट तशीच. तिच्यावर ताजे ठसे. माझ्या बुटांचे. मी तिच्यावरून चाललेलो नाही.

२० जानेवारी
भात संपला. आज घरी असायला—

२१ जानेवारी
दुपार. वाटेपलीकडून आजोबांचा आवाज. ये रे बोरिनच्या जीवा, भात निवतोय, मुलगी झालीय. ओरडलो. त्यांना ऐकू जात नाही. पण कुणीतरी "आलो" म्हणालं. पलीकडून. माझ्या आवाजात.

मोजतोय. नऊ. दर हाकेला "आलो" — पाय जाणवत नाहीत — चौदा —

अठरा. आजोबा हसले. म्हणाले, आलास होय रे, चल, सोखा वाट बघतेय. दोघांची पावलं. लांब जाताहेत.

आजोबा, एक हाक राहिली — मी अजून इथे —