हानुसचा डावा डोळा

टोर्सहावन, ३ मार्च १९८६

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

वाळवलेलं मटण पोचलं. वासावर शेजारीही पोचले, त्यामुळे माझ्या वाट्याला दोनच घास आले.

हानुसचा डावा डोळा अजून गळतोच आहे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. या वाऱ्यात इथे कोणाचे डोळे गळत नाहीत? म्हणून मीही इतके महिने नुसती पुसत बसले. परवा नर्सबाई घरी आल्या, तर खिडक्या बंद, हानुस लापशी खात खिदळतोय आणि एकच डोळा वाहतोय! म्हणाल्या, अहो, घरात कुठला आलाय वारा?

डॉक्टर म्हणतात, डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी जन्मापासून बंद आहे, टोकाशी पातळ पडदा राहिलाय. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बोट दाबून खाली चोळायचं. बहुतेक मुलांची नळी वर्षाच्या आत मोकळी होते. नाहीच झाली, तर भूल देऊन बारीक तार घालायची. मला भीती त्या भुलीचीच वाटते. एवढंसं पोर, उठलंच नाही तर? दान्याल बोटीवरून रेडिओफोनवर म्हणाला, तू ठरवशील ते. नवऱ्यांचं बरं असतं.

तुमचं मत कळवा. लेकावर आहे तितकाच लोभ सुनेवरही असू द्या.

आपली,
बिरिता

फुगलोय, १७ मार्च

चि. बिरिता हिस अनेक आशीर्वाद.

तार कुंपणाला लावतात, लेकराच्या डोळ्यात घालत नाहीत. मी पाच मुलं याच वाऱ्यात वाढवली. चोळायला सांगितलंय ना, मग चोळत राहा. माझ्या नातवाला भूलबिल द्यायची नाही.

तू विणलेले मोजे मिळाले. एक तुझ्या सासऱ्यांना बसतो, दुसरा मांजराला.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी सासू,
मार्युन

फुगलोय, २० मे

चि. बिरिता हिस अनेक आशीर्वाद.

दान्याल कळवतो, की हानुसला वर्ष झालं तरी डोळा तसाच आहे, आणि माझ्या शब्दाखातर तू इस्पितळाची तारीख नाकारलीस. तू माझं कधीपासून ऐकायला लागलीस गं?

काल एक मेंढी व्याली. एका सडातून दूधच येईना, कोकरू ओरडून हैराण. सडाच्या तोंडाशी पडदा होता. मी नेहमीसारखी पिसाची उकळलेली काडी हलकेच आत सारली. दुधाची चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी मेंढीने मला लाथ घातली. तिथेच खाली बसले नि हानुस आठवला. अगं, हे तेच की! फरक इतकाच, की मेंढी जागी होती. पोराला झोपवतात ते शहाणपणाचंच आहे.

भीती मलाही वाटते, आजही वाटते. पण हे पत्र मिळताच तारीख घे. गुडघा निळा झालाय, नाहीतर पुढच्या बोटीने मीच आले असते.

लेकराला पापे, तुला धीर.

मार्युन

टोर्सहावन, १२ जून

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं! काल हानुसला आत नेलं. तो नर्सच्या टोपीशी खेळत गेला, रडत होते ती मी. हातातली कॉफी अर्धीही संपली नव्हती, तोच डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नळी मोकळी झाली.

पण हा जागा होईना. मी त्याचा अंगठा धरून बसले आणि मनातल्या मनात डॉक्टरांना, तुम्हाला आणि त्या मेंढीलाही शिव्या घातल्या. रागावू नका.

मग उठला आणि असं भोकाड पसरलं, की अख्खा वॉर्ड गोळा झाला. दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी. दूध पाजलं, तसा हळूहळू उगी राहिला. मी सवयीने रुमाल घेऊन डावा डोळा पुसायला वाकले. पुसायला काही नव्हतं.

गुडघ्याला जपा, आणि आमच्यावर अशाच रागवत राहा.

तुमची,
बिरिता