तोमासच्या पायाची बोटं

प्रिय अब्बा,

सामना सुरू व्हायला पन्नास मिनिटं आहेत. मी बास्केटबॉल क्लबच्या उपचाराच्या खोलीत, तुमच्याच टेबलापाशी बसले आहे. समोर तोमासचा फिटनेस फॉर्म आहे आणि त्यावर फिजिओची, म्हणजे माझी सही हवी आहे. तुम्ही हे जग सोडून गेल्यापासून सात महिन्यांत मी एकदाही लिहिलं नाही. आज इलाज नाही.

खेळाडूच्या पायाला टेप बांधण्याआधी तुम्ही त्याला तोंड भिंतीकडे करायला सांगायचात. मग पायाच्या बाहेरच्या कडेचं हाड अंगठ्याने दाबून बोटांकडे बघायचात. "चेहरा सांभाळता येतो गो, बोटं नाय." मी फिजिओथेरपीची पदवी घेऊन आले, पण ही तपासणी तुमच्याकडूनच शिकले.

आज मी तेच केलं. तोमासची बोटं वळली. गेल्या वर्षी स्क्रू बसवला, त्याच जागी.

"दुखतंय?"

"नाही."

"तोमास."

"तुझ्या वडिलांनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं."

खरं आहे ना, अब्बा? गेल्या वर्षी उपांत्य सामन्याआधीही बोटं वळली होती. तुम्ही पाहिलंत. दारात उभं राहून मीही पाहिलं. तो म्हणाला, "ठीक आहे, युसुफभाई," आणि तुम्ही टेप उचललीत. इतकी घट्ट आणि नेटकी बांधलीत की तो शेवटपर्यंत खेळला, सामना जिंकून दिला आणि हाडातली केसाएवढी चीर आरपार गेली. उम्म अल हस्समला घरी परतताना गाडीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

तो आता पस्तीसचा आहे. सोळाव्या वर्षी त्याच्या गावी, कौनासमध्ये सुरुवात, मग पोलंड, तुर्कस्तान, आणि तीन हंगाम इथे आखातात, आपल्याकडे. त्याचा पहिला क्लब त्याला शेवटच्या हंगामासाठी घरी बोलावतोय. त्यांची माणसं आजचा अंतिम सामना बघणार आहेत. तो बाकावर दिसला, तर बोलावणं बहुतेक राहील. खेळला आणि हाड मोडलं, तर ते दुसऱ्यांदा जुळेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

मॅनेजर दोनदा डोकावून घाई करून गेले. "यल्ला डॉक्टर, साइन करो, खलास."

पत्र मध्येच ठेवून बाहेरून तोमासला आत घेऊन आले. आता पंचवीस मिनिटं उरली आहेत.

त्याला सांगितलं की मी 'अनफिट' लिहिणार आहे. तो आधी अरबीत, मग त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मग विचारलं, "तेव्हा युसुफभाईंना कळलं होतं?"

मी हो म्हणाले.

"मला वाटायचं, मी त्यांना फसवलं. वर्षभर मनाला खातंय ते." त्याने बुटाची नाडी ओढून सोडली. "मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

त्याचा प्रश्न मी तुम्हालाच विचारते. तुमच्याकडे उत्तर होतं का? तो तुमचा लाडका होता, एवढंच? आणि मी गप्प राहिले, ते तुम्ही माझे लाडके म्हणून?

तो अजून या खोलीतच आहे. बूट काढून बसलाय.

तुमची पद्धत मी सोडणार नाही, अब्बा. पण बोटं जे सांगतील ते त्या माणसाला तोंडावर सांगेन, मग लिहीन. समोर कोणीही असो.

खाली करते आहे तीच सही आत्ता फॉर्मवर 'अनफिट' लिहून त्याखाली केली.

तुमची,
शबाना