कुऱ्हाडीसाठी योग्य क्रियापद

कुरखेडा, मंगळवार, सायंकाळ, १९५५

जंगलखात्याने जप्त केलेली कुऱ्हाड परत मिळावी म्हणून गोंड चैतूबाबांसाठी अस्मादिकांनी आंग्लभाषेत अर्ज रचला. क्रियापद योजिले ‘रिक्वेस्ट’. कचेरीतल्या बाबूने ते खोडून ‘बेग’ लिहिले.

“साहेब याच्याविना अर्ज घेत नाई, गुरुजी.”

पण कुऱ्हाड चैतूबाबांचीच ना?

चैतूबाबांनी दोन्ही शब्दांतला भेद विचारला. पहिले म्हणजे विनंती करणे, दुसरे म्हणजे भीक मागणे, असे मी सांगितले.

“कुराड माही हाय. भीक काऊन मागू?”

अंगठा न उमटविताच ते रिक्तहस्ते चालते झाले. कुऱ्हाडीवाचून पोट कसे भरणार?

संताप बाबूचा, की स्वतःचा? वीस वर्षे प्रत्येक रजेच्या अर्जात हा पंडितशिरोमणी निर्विकारपणे ‘बेग’च लिहीत आला आहे.