गाण्यातली हळद

चौक, ता. खालापूर,
बुधवार

प्रिय प्रणिता,

आपलं हळदीचं गाणं परत गाजतंय गं! माझ्या पुतण्याने, अक्षयने, जुनी सीडी शोधून मोबाईलवरून नेटवर चढवली आणि आठ दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिली. गॅरेजात येणारे टेंपोवाले पंक्चर विसरून माझं तोंड न्याहाळतात आणि तो फेटेवाला नवरदेव तुम्हीच का म्हणून विचारतात. मी पोट आत ओढून हो म्हणतो. काल तर एकाने फोटो काढला. तुझी ओळख कर्जतला अजून कुणाला पटली नसेल, तर आठवडाभरात पटेल, तयारीत रहा.

तेवीस वर्षं झाली. उरण-पनवेलकडून हळदीच्या गाण्यांच्या सीड्या धडाधड येत होत्या आणि आपल्या खालापुरातून एक नाही, याचा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या विष्णूला भारी राग. म्हणून त्याने तुझ्या जयवंता आत्याचा आवाज भरून घेतला, आपल्याला नवरा-नवरी केलं आणि खळ्यात मांडव घातला. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले, गाणं रेंगाळलं, आपणही तसेच रेंगाळत नाचलो. मग सीडीत खरं गाणं जोडलं, तर शब्द पुढे आणि आपली तोंडं मागे. तरी केबलवाल्याने दुपारी चारला लावलं तेव्हा आळीतल्या बायका कणकेच्या हातांनी धावत आल्या. आपण टीव्हीत दिसतोय, यापलीकडे मला त्या दिवशी काही सुचत नव्हतं.

आता येत्या रविवारी अक्षयला तेच गाणं त्याच माणसांवर पुन्हा काढायचंय. आत्या ऐंशीची झाली, पण गाते म्हणते. तू मात्र त्याला फोनवर सांगितलंस, आत्या असेल तिथे मी येणार नाय. त्याला कारण ठाऊक नाही. मला आहे.

नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावायची, ती खऱ्या लग्नात. म्हणून शूटिंगला आत्याने दोन वेगळ्या वाट्या कालवल्या होत्या. आत्या धवलारीण, आयुष्यभर लोकांच्या लग्नांत धवले गायलेली, तिला हे सांगायला नको होतं. तरी सीडीत सगळ्यांनी पाहिलं, मला लावलेली ती कड चेपलेली वाटीच उचलून आत्या तुला हळद लावतेय. पनवेलला तुझं लग्न ठरलेलं होतं, त्यांनीही पाहिलं. मुलीला दुसऱ्याची हळद लागली म्हणून सोयरीक मोडली. सगळ्यांनी आत्याला बोल लावला, तिला लग्नांना बोलावणं बंद झालं आणि तू तिचा उंबरा सोडलास. तुझं पुढे चांगलं झालं, घर झालं, नोकरी झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिचं मात्र गाणंच गेलं.

प्रणिता, वाटी मी बदलली होती. मला हळद लावून झाल्यावर विष्णू सेल आणायला नाक्यावर गेला, तेव्हा तुझी वाटी मी मांडवामागे ओतली आणि माझी उरलेली तुझ्या पाटाशी सरकवली. तू मला आवडायचीस, सांगायची हिंमत नव्हती, आणि निदान खोट्या लग्नात तरी माझी हळद तुला लागावी असं वाटलं. सोयरीक मोडेल हे डोक्यातही नव्हतं. मोडली तेव्हा मी आत्याकडे कबुली द्यायला गेलो. ती म्हणाली, गप ऱ्हा, तुजं नाव निंगालं तर पोरीला लोक आनखी बोलतील, माजं काय, मी म्हातारी. ती तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. आणि मी गप्प राहिलो, याची मला अजून लाज वाटते.

हे पत्र तिला न विचारता लिहितोय. रविवारी शूटिंगला ये किंवा नको येऊस, माझं तोंड बघायचं नसेल तर मी त्या दिवशी गाव सोडून जाईन. पण त्याआधी एकदा तिच्या घरी जा. तिला हल्ली कमी ऐकू येतं, जवळ बसून बोल.

तुझाच,
सहदेव