चार बोटं कमी पडलेला पडदा

ती. आईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फ्लॅट एकदाचा लागला. गॅस आला, नळाला दिवसभर पाणी असतं. शेजारच्या नर्सताई चांगल्या आहेत, ऑफिस पायी दहा मिनिटांवर. जेवण वेळेवर होतं. म्हणजे बहुतेकदा.

तू शिवलेला पडदा काल आला. शिवण नेहमीसारखी सरळ. पण लावला तर खाली चार बोटं खिडकी उघडीच! मी फोनवर नऊ विती सांगितल्या होत्या. खिडकी पुन्हा मोजली, नऊच भरल्या. पडदा मात्र साडेआठच्या जरा वर.

गेल्या वर्षी आपण तळव्याला तळवा लावून पाहिलं होतं, आठवतं? तुझी वीत आणि माझी वीत अगदी सारखी. "माझीच आहेस गं," म्हणाली होतीस. कापड तू तुझ्या वितीनंच नऊ मोजलं असशील, तरी कमी भरलं.

आई, बोटं आता पूर्ण उघडत नाहीत ना? "मी ठणठणीत आहे" हे मला सांगू नकोस. बाबांना कळलंय का?

पडदा परत पाठव म्हणशील, तर नाही पाठवणार. खालून सकाळचं ऊन येतं, छान वाटतं.

दुसऱ्या खिडकीचं माप कळवत नाही. शनिवारी मीच येते. तोवर मशीनला हात लावायचा नाही. आधी तो हात मला बघायचाय.

तुझीच,
चिमी