लेण्यातला खेळ

सेंगकांग, सिंगापूर
१४ जून २०१५

प्रिय नीलिमाताई,

सा. न. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही तिघं मजेत. फोनवर सांगता आलं असतं, पण तिथे मी नेहमीसारखा हवापाण्यावर घसरलो असतो.

ताई, आपला खेळ चालू झाला! १९८५ चा! ऋचाला कपाटात ती जुनी फ्लॉपी सापडली. तिच्या पॉलिटेक्निकमधल्या सरांनी कुठून तरी जुना ड्राइव्ह आणला, आणि गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी उमटलं: 'तू लेण्याच्या दाराशी उभा आहेस. आत गारवा आहे आणि कुणीतरी नुकतंच दिवा विझवून गेलंय.' मी खुर्चीवरून उडालोच!

ऋचा तीन तास हलली नाही. चित्र नाही, आवाज नाही, नुसतं 'उत्तरेला जा', 'दोर घे' असं टाइप करत बसायचं. पाण्याच्या टाक्याशी अडकली आणि इथल्या पोरांसारखी ओरडली, "पप्पा, सो हार्ड लाह!" मलाही उत्तर आठवेना. मग तिने विचारलं, "हे लिहिलं कोणी? तुम्ही असं बोलतच नाही."

पडद्यावर तर 'कर्ता: शिरीष' एवढंच होतं.

मी तिला जुन्नरची ती मे महिन्याची सुट्टी सांगितली. तू एम.ए.च्या प्रबंधासाठी लेणी मोजत होतीस, मी टेपचं टोक धरत होतो. रात्री तू आलेखाच्या कागदावर नकाशा काढलास, प्रत्येक खोलीची वाक्यं लिहिलीस, कोडी घातलीस. मी फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये बसून ते संगणकाला समजेल असं केलं.

आणि ज्या स्पर्धेला मी हा खेळ पाठवला, तिचं? इतकी वर्षं मी सांगत आलो, की अर्जात एकच नाव चालायचं. खोटं आहे, ताई. दोन नावांची जागा होती. मी तुझं लिहिलं नाही. त्या बक्षिसावर मला पहिली नोकरी लागली, आणि तू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. पुन्हा कधी त्या खेळाचं नावही काढलं नाहीस. तेव्हाच तुला कळलं होतं ना?

हेही सगळं ऐकून ऋचाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "आत्याला सांगा."

पुढच्या महिन्यात इथल्या लायब्ररीत घरी बनवलेल्या जुन्या खेळांचं प्रदर्शन आहे. आपला खेळ घेतलाय! लोक येऊन खेळणार, ताई! मी आज सकाळी माहिती पाठवली: 'लेखन, नकाशा आणि कोडी: नीलिमा. प्रोग्रॅम: शिरीष.' तुला न विचारता पाठवली, हेही चुकलंच असेल.

त्यांना लेखिकेकडून चार ओळी हव्यात. माझ्याबद्दल जे लिहावंसं वाटेल ते लिही. एक शब्दही न बदलता मी ते भिंतीवर लावीन.

तीस वर्षं उशिरा खरं बोललेला,
तुझा शिरीष